कमरेएवढं पाणी

मला आधी वाटलं, बीट खाल्लं म्हणून.

जामखेडच्या पुढं एका वस्तीवर हातपंप उघडून बसलो होतो. सव्वीस वर्षं माझं काम तेच. पंचायत समितीच्या गाडीतून फिरायचं, बिघडलेला पंप उघडायचा, पाईप वर ओढायचे, झिजलेला वायसर बदलायचा. दुपारी बांधाच्या आडोशाला लघवीला गेलो. सुरुवातीला ठीक होतं, शेवटी शेवटी आलं ते लाल. पान खाऊन थुंकावं तसं. मी इकडंतिकडं बघितलं आणि पायानं त्यावर माती लोटली. मग परत येऊन पाईप ओढायला लागलो. आदल्या दिवशी घरी बिटाची कोशिंबीर झाली होती. तेच असणार.

पुढचे दोन महिने मी कुणाला काही सांगितलं नाही. आतले कपडे स्वतः धुवायला लागलो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यात मी साधा रुमाल कधी पिळला नव्हता. माझ्या बायकोच्या, लीलाच्या, हे लक्षात यायला आठ दिवसही लागले नसतील. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. ओले कपडे कोण का लपवतं हे तिला चांगलं कळतं. तरी ती गप्प राहिली. दिवाळी झाली, आणि एके सकाळी मोरीत माझ्यामागं येऊन उभी राहिली. हातात माझी चड्डी.

"ह्ये काय हाय?"

"पाईपाचा गंज लागला आसंल."

"गंज आतून लागतो व्हय?"

तिनं चड्डी बादलीत टाकली आणि साबणानं हात धुतले. दोनदा धुतले. ते बघताना मला माझ्याच अंगाची शिसारी आली.

हे लिहितोय ते असे कपडे धुणाऱ्यांसाठी. आणि देवाचं काम म्हणून लांबच्या देशात जायला जे बॅगा भरून बसलेत, त्यांच्यासाठी. वाचताना किळस येईल. मलाही आली. अजून येते, फक्त आता ती लघवीची येत नाही.

सोनोग्राफी

नगरला गेलो. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, तोंडात अजून नगरच येतं. डॉक्टर तरुण होते, हुशार होते. पोटावर गार चिकट काहीतरी लावून यंत्र फिरवत होते आणि माझ्याकडं न बघता पडद्याशी बोलत होते. एका जागी यंत्र थांबलं. परत फिरलं. परत तिथंच थांबलं. तेवढ्यावरून मला कळलं.

"लघवीच्या पिशवीच्या भिंतीला जाडी आलीय. गाठीसारखं दिसतंय. दुर्बीण घालून बघावं लागेल, तुकडा काढून तपासायला पाठवू. कॅन्सर नाही असं आत्ता म्हणता येणार नाही."

लीला म्हणाली, "म्हंजे हाय का न्हाई?"

"तपासल्यावर सांगतो, ताई."

मग त्यांनी माझा केसपेपर वर घेतला. "मे महिन्यात आफ्रिकेत जाऊन आलात?"

"हो. मलावी देशात. आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे, सेवेला. तीन आठवडे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तिकडं काही बाहेरचे संबंध? बायकाबिका? लपवू नका, औषध त्यावर ठरतं."

लीला शेजारीच बसली होती. मी नाही म्हणालो. पण नाही म्हणायला मला एक क्षण उशीर झाला, कारण असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. तो एक क्षण लीलानं मोजला. येताना एसटीत ती माझ्या शेजारी न बसता दोन बाकं पुढं जाऊन बसली.

पिशवी

डिसेंबरात भरती झालो. वॉर्डात सिस्टरच्या टेबलावर नाताळची कागदी चांदणी टांगलेली होती. दुर्बीण घालून तुकडे काढले आणि नळी बसवून मला खाटेवर आणून टाकलं. नळीच्या टोकाला पिशवी, ती खाटेच्या कडेला लटकवलेली. पहिल्या दिवशी तिच्यात जे साठलं ते कोकमाच्या सरबतासारखं दिसत होतं. मला कोकम सरबत आवडायचं.

भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी पिशवीकडं बघायचा आणि मग माझ्याकडं. आमच्या मंडळीतले दोघं आले. एकजण प्रार्थना म्हणत होता, आणि मी डोळे किलकिले करून पाहिलं तर दुसरा पिशवीकडं बघून नाक मुरडत होता. मला त्याचा राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

पहाटे पाचला दिवे लागायचे. ताप बघायचा, रक्तदाब बघायचा, आणि मग सफाईच्या मावशी मोजपात्र घेऊन यायच्या. पिशवी रिकामी करायच्या आणि आकडा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा ओरडायच्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "मावशी, जरा हळू बोला ना."

त्या तशाच पुढच्या खाटेकडं गेल्या. दुपारी येताना उशीची जुनी खोळ घेऊन आल्या. पिशवीला खोळ चढवली, वरून गाठ मारली. "आता कुनाला दिसायची न्हाई," म्हणाल्या. आकडा त्यानंतरही ओरडतच राहिल्या, पण ती खोळ होती. त्या दहा दिवसांत माझ्यासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती खोळ होती, हे मी देवळात, आमच्या चर्चात, बसून सुद्धा सांगेन.

लीला रोज डबा आणायची, खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसायची, आणि भिंतीकडं बघायची. माझ्या ताटाला हात लावायची नाही. चौथ्या दिवशी मीच विचारलं, "काय झालंय तुला?"

"मला काय व्हायचंय? झालंय तुमाला."

"लीला, बोल."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "डाक्टरनं इचारलं तवा तुमी थांबला का? मंडळीत बायका काय बोलत्यात तुमाला म्हाइत न्हाई. मिस्त्री तिकडं श्यान खाऊन आले आन् आता भोगत्यात, आसं बोलत्यात. मला त्वांड दावायला जागा ठेवली न्हाई."

"तुला पन तसंच वाटतं?"

ती उठून डबा घासायला गेली. कॅन्सरच्या भीतीनं मी रडलो नव्हतो. तेव्हा रडलो, तोंडावर पांघरूण घेऊन.

तिसगावचे बाबा

शेजारच्या खाटेवर तिसगावचे एक म्हातारे शेतकरी होते. सगळे त्यांना बाबाच म्हणायचे. त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. दिवसभर ते माझी विचारपूस करायचे, कारण दुसरा उद्योग नव्हता. लीला तशी निघून गेली तेव्हा ते उशीवरून माझ्याकडं वळले. मग म्हणाले,

"मिस्त्री, परदेशात गेल्ता म्हनं."

"हो."

"तिथलं पानी कसं हुतं?"

"प्यायचं? आम्ही बाटलीचं प्यायचो."

"पेयाचं न्हाई इचारत. न्हायाधुयाचं. आमच्याकडं गुराला आसं लाल व्हतं, तवा आमी आदी बगतो, कुटल्या डबक्यात बसलं हुतं."

तोपर्यंत पाच डॉक्टरांनी, दोन सिस्टरांनी आणि अर्ध्या मंडळीनं मला बायांबद्दल विचारलं होतं. पाण्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मी काही बोलायला तोंड उघडलं आणि मला मर्सी आठवली.

तळं

मर्सी ही तिथल्या दवाखान्यातली नर्स. आम्ही उतरलो होतो त्या गावाला लागून मोठं सरोवर आहे. मी आयुष्यात एवढं गोडं पाणी पाहिलेलं नव्हतं. जामखेडच्या माणसानं टँकर बघावेत, सरोवर कुठं बघावं?

आम्ही सातजण गेलो होतो. आमचे पुढारी नोएलसर. त्यांना बोलणं छान येतं, गाणं छान येतं, आणि त्यांच्याकडं उडणारा कॅमेरा होता. मला नेलं ते हातपंप दुरुस्त करायला. तिथं गेल्यावर कळलं की तिथले लोक पंप माझ्याइतकेच चांगले उघडतात. वायसर मिळत नव्हते, एवढंच. वायसर आम्ही पोस्टानं पाठवले असते तरी चाललं असतं. पण फोटो काढायचा होता, म्हणून त्यांच्या मिस्त्रीला बाजूला उभं केलं आणि त्याचा पान्हा माझ्या हातात दिला. मी दात काढून हसलो. तो फोटो आमच्या देवळाच्या फलकावर अजून आहे.

शेवटच्या आठवड्यात नोएलसरांनी बाप्तिस्म्याची उपासना ठरवली. सरोवरात, भर दुपारी, कारण तेव्हा उजेड चांगला असतो. अकरा माणसं गोळा केली. त्या अकराही जणांचा बाप्तिस्मा कधीच झालेला होता. त्यांच्या आजोबांचाही झालेला होता. त्यांचे स्वतःचे पाळक, पांढऱ्या केसांचे धर्मगुरू, टोपी हातात घेऊन काठावर उभे होते. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

सकाळी मर्सीनं मला लव्हाळ्यापाशी बोलावलं. तिनं एक पान उपटून दाखवलं. त्याला बारकी गोगलगाय चिकटली होती. ती हळूहळू, सोप्या इंग्रजीत बोलली, कारण माझं इंग्रजी पंपाच्या पेटीवरचं. "यातून जंत निघतात. डोळ्यांना दिसत नाहीत. चामडीतून आत जातात. दुपारी सगळ्यात जास्त. इथल्या शाळेतल्या मुलांना लघवी लाल होते. तुम्ही उतरू नका. तुमच्या लोकांना सांगा."

मला समजलं. नीट समजलं. हे मी इथं लिहून ठेवतो, कारण नंतर कितीतरी लोकांना मी "भाषेचा घोटाळा झाला" असं सांगितलंय. घोटाळा झाला नव्हता.

मी नोएलसरांना सांगितलं. ते म्हणाले, "भास्करभाऊ, ही माणसं रोज उतरतात. प्रभूच्या कामात एवढी भीती? आणि हे बाकीच्यांना नका सांगू, उगीच घाबरतील."

मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्यात सुवर्णा नावाची शिक्षिका होती, एकोणतीस वर्षांची. सुप्याला दिलेली, नवरा तिथं कारखान्यात. ती मला काका म्हणायची. पाण्याच्या कडेला चप्पल काढून ती थांबली. "काका, पाणी चांगलं आहे ना? जरा शेवाळ दिसतंय."

मी म्हणालो, "चल गं. काही होत नाही."

आम्ही दोन तास कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो. एकदा सगळं झाल्यावर नोएलसरांनी सांगितलं की कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच संपली, परत करू. ती अकरा माणसं परत ओळीनं आली, परत पाण्यात बुडाली, परत हात वर केले. आणि मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पोटाला गार पाणी लागत होतं, गाणं चालू होतं, मी कुणाच्या तरी खांद्याला धरून त्याला पाण्यातून वर काढत होतो आणि मला वाटत होतं की मी मोठं काहीतरी करतोय. संध्याकाळी पायांना खाज सुटली. दुसऱ्या दिवशी थांबली. आम्ही विमानात बसलो.

सूक्ष्मदर्शक

तिसगावचे बाबा माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी उशीखालचा मोबाईल काढला आणि मर्सीला लिहिलं: लघवीत रक्त, कॅन्सर म्हणतात.

अर्ध्या तासात उत्तर आलं. "दुपारच्या लघवीचे शेवटचे थेंब तपासले का? सकाळची घेतली तर दिसत नाही." खाली अजून एक ओळ होती. "आणि ती शिक्षिका कशी आहे?"

बाकी काही नाही. मी तुला सांगितलं होतं, असंसुद्धा नाही.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. आधी त्यांच्या कपाळाला आठी पडली, मग ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "हा आजार मी परीक्षेपुरता वाचलाय," ते म्हणाले, "आपल्याकडं तो बघायला मिळत नाही. चूक माझी. प्रवासाचं विचारलं, पाण्याचं नाही." त्या माणसाबद्दल माझ्या मनात जे काही होतं ते त्या वाक्यानं धुऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी नळी काढली आणि दुपारी बाराला मी बाटली भरून दिली. दीड वाजता प्रयोगशाळेतून फोन आला आणि डॉक्टर अक्षरशः पळत गेले. अंडी होती. टोकाला काटा असलेली, पुष्कळ. तुकड्याचा रिपोर्टही दोन दिवसांनी तेच सांगत आला. कॅन्सर नव्हता.

मग मला चाकाच्या खुर्चीवर बसवून खाली नेलं आणि सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. शिकाऊ डॉक्टर रांग लावून बघत होते. मोबाईल लावून फोटो काढत होते. एकानं माझ्यासोबत फोटो काढू का असं विचारलं. मला त्याच्या अंगावर ओकावंसं वाटलं. आणि मग आठवलं, तिकडं दवाखान्याच्या ओसरीवर बसलेल्या आजारी बायांचे फोटो आम्ही न विचारता काढले होते. हा मुलगा निदान विचारत तरी होता.

"काढा," मी म्हणालो.

लीला दारात उभी होती. डॉक्टरांनी तिला मोबाईलवर वाचून समजावलं. जंत लघवीच्या पिशवीजवळच्या रक्तवाहिन्यांत राहतात, अंडी घालतात, त्या अंड्यांच्या काट्यांनी रक्त येतं. "आणि जोडीनं राहतात बरं का. नर मादीला पोटाशी धरून असतो. वर्षानुवर्षं."

लीला म्हणाली, "तुमच्यापरीस बरे म्हनायचे."

दिवाळीनंतर ती पहिल्यांदा हसली होती. मग हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं आणि तिनं तिथंच, सगळ्यांसमोर, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मी लई वंगाळ इचार केला वो तुमच्याबद्दल."

"मी त्याहून वंगाळ केलंय," मी म्हणालो. तिला तेव्हा कळलं नाही.

मोसंबी

गोळ्या नगरमध्ये मिळाल्या नाहीत. पुण्याहून आणायला दोन दिवस गेले. मूठभर गोळ्या, एकाच दिवसात घ्यायच्या. एवढाच उपचार. दिवाळीपासून मी मरणाची तयारी करत होतो, आणि उतारा होता या मूठभर गोळ्या.

गोळ्यांनी डोकं गरगरायला लागलं. मी डॉक्टरांना विचारलं होतं, मेलेले जंत कुठं जातात. ते म्हणाले, कुठं जात नाहीत, शरीर जिरवून टाकतं. ते ऐकल्यापासून मला घास गिळवत नव्हता. नेमके त्याच दुपारी नोएलसर मोसंबी घेऊन आले.

त्यांनी माझे पाय चेपले. खरंच चेपले, लाज न बाळगता. डोळ्यात पाणी आणून प्रार्थना केली. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाले, "भास्करभाऊ, वर्षअखेरच्या उपासनेत तुमची साक्ष ठेवतोय. प्रभूनं कॅन्सरमधून बाहेर काढलं. पुढच्या मे महिन्यातल्या सेवेला लोक तयार होतायत, त्यांना बळ मिळेल."

"कॅन्सर नव्हता, सर. जंत होते. त्या तळ्यातले."

"हो, पण डॉक्टर कॅन्सर म्हणाले होते ना? मग झालं की."

"तुम्हाला काही झालं नाही?"

ते मोसंबी सोलत होते. "मी आल्यावर गोळी घेतली होती. खबरदारी म्हणून."

"कुठली गोळी?"

मोसंब्याची साल त्यांच्या हातातच राहिली. "मागच्या खेपेला गेलो होतो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. भाऊ, सगळ्यांना सांगितलं असतं तर कोण उतरलं असतं पाण्यात?"

मी खाटेखालचं भांडं ओढलं आणि त्यात ओकलो. गोळ्यांमुळंच असेल. त्यांनी माझी पाठ चोळली, मला पाणी दिलं, आणि मी त्यांचा हात झटकला नाही. कारण झटकायला मला तोंड नव्हतं. त्यांनी सहाजणांना सांगितलं नाही. मी पाचजणांना.

ते गेल्यावर मी लीलाला सगळं सांगितलं. गोगलगाय, मर्सी, सुवर्णाचा प्रश्न, माझं उत्तर. ती म्हणाली, "सुवर्णाला दिवस राहात न्हाईत म्हनून तिची सासू दवाखाने फिरतीय. मधनंमधनं रगत जातं म्हनं तिला. श्रावनापासनं."

वॉर्डात मोसंब्याचा वास भरला होता. तो वास मला अजून सहन होत नाही.

साक्ष

वर्षअखेरच्या उपासनेत मी उभा राहिलो. मला बोलता येत नाही, म्हणून कागदावर लिहून नेलं होतं. कॅन्सर नव्हता, जंत होते. तिथल्या नर्सनं मला आधी सांगितलं होतं. मी आणि नोएलसरांनी ते दाबून ठेवलं. जे जे पाण्यात उतरले त्यांनी तपासून घ्यावं. ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांचा बाप्तिस्मा आधीच झालेला होता.

शेवटचं वाक्य कुणी ऐकलं की नाही मला माहीत नाही, कारण पेटी सुरू झाली आणि सगळे गाण्याला उभे राहिले. बाहेर आल्यावर एक जुने वडीलधारे म्हणाले, "आजारानं माणूस कडू होतो रे भास्कर." बाकीचे सलाम करून बाजूनं गेले. पाळकसाहेब मात्र मागून आले आणि हळूच म्हणाले, मे महिन्याचं मी थांबवतो. त्यांनी थांबवलं. मोठ्यानं कुणाला सांगितलं नाही, पण थांबवलं.

चौघांना मी फोन केले. सुवर्णाला फोनवर सांगायला लीला नको म्हणाली.

सुपे

जानेवारीत आम्ही दोघं सुप्याला गेलो. दुमजली इमारत, वरच्या मजल्यावर एका ओळीत पाच बिऱ्हाडं. सुवर्णानं दार उघडलं. मे महिन्यातली सुवर्णा आणि ही, यात बराच फरक होता. नवरा घरी होता, पहिल्या पाळीहून नुकताच आलेला. सासूबाई भाजी निवडत होत्या. सुवर्णा चहा ठेवायला निघाली तेव्हा मी म्हणालो, "चहा नको. आधी ऐक."

मी सांगितलं. नर्सनं मला काय सांगितलं होतं ते, आणि मी सुवर्णाला काय सांगितलं ते. हा आजार बाईच्या अंगात गेला तर काय होतं, हे डॉक्टरांनी मला एका कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी तिच्यापुढं धरला. तिनं तो उभ्या उभ्याच वाचला. दोनदा वाचला.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

तिचा आवाज चढला नाही. "सहा महिने, काका. या घरात मला काय काय म्हणतात, माहीत आहे? परदेशात जाऊन काय घेऊन आली म्हणतात. माझं ताट वेगळं ठेवलंय." तिनं सासूबाईंकडं बघितलं नाही. सासूबाईंचे हात भाजीवर थांबले होते. नवरा जमिनीकडं बघत होता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासरे बाहेर आले. त्यांना ऐकू कमी येतं. कानामागं हात धरून म्हणाले, "कोन आलंय? काय म्हंतोय त्यो? मोठ्यानं बोला."

नवरा म्हणाला, "काही न्हाई आण्णा, तुमी बसा."

"सांगा," सुवर्णा मला म्हणाली. "त्यांनाही सांगा. मोठ्यानं."

मी पंप दुरुस्त करणारा माणूस, रानात हाळी देऊन बोलायची सवय आहे. पण तेवढं मोठ्यानं बोलणं मला कधी जड गेलं नव्हतं. "आण्णा, सुवर्णाचा आजार तळ्याच्या पान्यातला हाय! जंत हायेत! तिच्यात काय खोट न्हाई! तिनं मला इचारलं हुतं, पानी चांगलं हाय का! मला म्हाइत हुतं! मी तिला खोटं सांगितलं!"

गॅलरीतली दारं उघडल्याचे आवाज आले. आण्णा माझ्याकडं बघत राहिले. "परत बोला," म्हणाले. ऐकू आलं नव्हतं की पटलं नव्हतं, कोण जाणे. मी परत ओरडलो, तेच शब्द, त्याच क्रमानं. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. लीला माझ्या शेजारी ताठ उभी होती.

सुवर्णा आत गेली. येताना प्लास्टिकच्या पिशवीत तिची फाईल घेऊन आली. सहा महिन्यांचे रिपोर्ट. ती फाईल तिनं लीलाच्या हातात दिली.

"काकू, कुठल्या डॉक्टरकडं जायचं?"

त्यानंतर

तुम्ही तिकडच्या तळ्यात उतरून आला असाल तर दुपारी बाराची लघवी द्या, शेवटचे थेंब द्या, आणि तपासणाऱ्याला स्पष्ट सांगा की मी पाण्यात उभा होतो. बायकोपासून लपवू नका. पिशवी लावली तर तिला खोळ मागून घ्या. मलावीतल्या त्या अकरा जणांचं मी मर्सीला विचारलं. ती म्हणाली, त्यांना लहानपणापासूनच आहे, गोळ्या येतील तेव्हा देऊ, यंदा अजून आल्या नाहीत. माझ्या गोळ्यांना दोन दिवस उशीर झाला तर मी वॉर्डात आरडाओरड केली होती.

माझी लघवी आता साफ आहे. तरी रोज शेवटचे थेंब बघितल्याशिवाय पाणी ओतत नाही.

सुवर्णाच्या तपासणीत तीच अंडी निघाली. तिनं गोळ्या घेतल्या, दोनदा घेतल्या. रक्त थांबलंय. पुढं काय होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. दर रविवारी उपासनेनंतर ती लीलाला फोन करते. आमचा फोन स्पीकरवर असतो आणि मी शेजारी बसलेलो असतो, हे तिला ठाऊक आहे. ती लीलाची तब्येत विचारते, अंगणवाडीचं विचारते, सासूबाई आता तिचं ताट वेगळं ठेवत नाहीत असं सांगते, आणि फोन ठेवते.